नोकरीत राहून एसीसीची तयारी कशी करावी? (जवान ते अधिकारी)

माणदेशी_सॅपर
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी सैन्यात इंजिनिअर्समध्ये लान्स नायक आहे. वय २५, सेवा सहा वर्षं, बारावी सायन्स. मागच्या सैनिक संमेलनात सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी विचारलं की एसीसीच्या, म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेजच्या परीक्षेला कोण कोण बसणार. मी हात वर केला. आता खरंच बसायचं आहे आणि अधिकारी व्हायचंच आहे.

अडचणी सांगतो. बारावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. इंग्रजी वाचलेलं समजतं, पण बोलायला उभा राहिलो की पहिल्या वाक्यानंतर पुढचं सुचत नाही. दिवसभर वर्किंग, संध्याकाळी गेम्स, मग रोल कॉल, आणि अधूनमधून रात्रीची गार्ड. अभ्यासाला सलग वेळ मिळत नाही. बॅरॅकमधले काही जण म्हणतात, ‘साहेब व्हायचंय काय आता?’ मागच्या वर्षी लग्न झालं, बायको गावाकडे आई-वडिलांजवळ असते.

कुठून सुरुवात करू? एसएसबीसाठी (अधिकारी निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत) क्लास लावावा का? पुढे अकॅडमीत निभावेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी मनापासून सांगावं.

टेकडीपलीकडे
सगळ्यात आधी एक काम कर. तुझ्या प्रोफाइलमध्ये युनिटचा नंबर आणि गावाचं नाव दिसतंय, ते काढून टाक. फोटोही काढ. सैन्यातल्या माणसाने इंटरनेटवर काय टाकू नये याचे नियम तुला ठाऊक आहेत आणि ज्याला अधिकारी व्हायचंय त्याने ते दुसऱ्याने सांगायची वाट पाहू नये.

आता तुझा प्रश्न. मी स्वतः एसीसीतून कमिशन घेतलं, कर्नल म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

एसीसीची अट वय २० ते २७, किमान २ वर्षं सेवा आणि बारावी उत्तीर्ण. तिन्ही दलांच्या जवानांना दार उघडं आहे. लेखी परीक्षा, मग एसएसबी, मग मेडिकल, मग गुणवत्ता यादी. निवड झाली की डेहराडूनला ३ वर्षं एसीसी, तिथे जेएनयूची बीए किंवा बीएस्सी पदवी मिळते, आणि नंतर १ वर्ष आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी. म्हणजे तू २६ व्या वर्षी आत गेलास तर तिशीत खांद्यावर स्टार लागतील. तुझ्यासमोर वेळ आहे, पण ऐसपैस नाही. २८ ते ३५ वयासाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे एससीओचा मार्ग आहे, त्याला ५ वर्षं सेवा लागते. तो आहे म्हणून हा पुढे ढकलू नकोस. लवकर कमिशन मिळालं की पुढची सेवा लांब मिळते, आणि पदवी हातात येते ती वेगळीच.

लेखी परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि शाळेत शिकलेलं गणित-विज्ञान-इतिहास-भूगोल. आठवी ते दहावीची पुस्तकं काढ, गणिताची उदाहरणं हाताने सोडव. सहा महिने नेटाने केलंस तर हा भाग तुला अडवणार नाही.

अडवतं ते एसएसबी, आणि आपल्या जवानांना ते एका विशिष्ट ठिकाणी अडवतं. कमांड टास्क घे. जीटीओ, म्हणजे गटचाचण्या घेणारा अधिकारी, तुला बोलावतो, अडथळा दाखवतो, म्हणतो की तू कमांडर, दोन साथीदार निवड. बल्ली, फळी, दोर समोर पडलेले. तू सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा जवान. दोर हातात आला की तुझी गाठ पटकन बसणार, फळी बरोबर जागी टेकणार. मी कित्येक पोरांना पाहिलंय, ते स्वतःच बल्ली उचलतात, स्वतःच बांधतात, स्वतःच पलीकडे जातात. दोन साथीदार बाजूला उभे. काम झकास झालं असं पोराला वाटतं. जीटीओ मात्र पाहत असतो की या माणसाने दुसऱ्याकडून काम करून घेतलं का, योजना आधी सांगितली का, साथीदार चुकला तेव्हा त्याला सावरलं का.

सहा वर्षं तुला शाबासकी मिळाली ती सांगितलेलं काम चोख केल्याबद्दल. आता काय करायचं हे तुला ठरवायचंय, आणि मोठ्याने बोलून ठरवायचंय. तयारी करायची ती मुख्यतः याची.

आणखी एक. सर्व्हिस उमेदवारांच्या बॅचमध्ये तुझ्याच गटात एखादा हवालदार असू शकतो. लान्स नायक लगेच गप्प बसतो, त्याला आधी बोलू देतो. तिथे सगळ्यांच्या छातीवर नुसता चेस्ट नंबर असतो. रँक गेटबाहेर राहिली. आदराने बोल, पण बोल.

रिटायर्ड_सुभेदार
कर्नल साहेबांना राम राम. साहेबांचं म्हणणं खरं, पण मला त्यात एक भर घालायचीय.

हुकूम पाळायची सवय मोडा असं पोरांच्या डोक्यात गेलं तर घात होईल. ज्याने नाइट मार्चला पाठीवर वजन घेऊन, तोंडातून चकार शब्द न काढता हुकूम पाळलाय, त्यालाच कळतं की हुकूम देताना समोरच्याच्या पाठीवर किती वजन आहे. जवानातून आलेल्या अधिकाऱ्याची ही खरी ताकद आहे. माझ्या कंपनीला असे एक कॅप्टन साहेब होते. लंगरमध्ये आले की आधी रेशनच्या गोणीत हात घालून डाळ बघायचे, मग कुकशी बोलायचे. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, ती डाळ त्यांनी स्वतः खाल्लेली होती.

आता माणदेशी, तुझ्या वेळेचं. युनिटमध्ये एज्युकेशनचे हवालदार किंवा जेसीओ (सुभेदार दर्जाचे) असतील, आधी त्यांना गाठ. मग सीनियर जेसीओंमार्फत कंपनी कमांडरची मुलाखत माग आणि सरळ सांग की मी एसीसीला बसतोय, मला संध्याकाळचा एक तास इन्फॉर्मेशन रूममध्ये बसायची परवानगी हवी. चोरून अभ्यास करू नकोस. सांगून केलास तर आख्खी कंपनी तुझ्यामागे उभी राहते, हे मी पाहिलेलं आहे. आणि पहाऱ्यावर पुस्तक नेऊ नकोस. गार्ड म्हणजे गार्ड.

बॅरॅकमधल्या टोमण्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. निकाल लागला की हीच पोरं तुला खांद्यावर घेतील.

टेकडीपलीकडे
सुभेदार साहेब, राम राम. शब्दाशब्दाला सहमत. डाळीचं उदाहरण फार मोलाचं आहे. सवय मोडायची नाही, तिच्यात भर घालायचीय, हे मी नीट लिहायला हवं होतं. तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत.

इंग्रजीच्या_बाई
मी सैन्यातली नाही, तीस-एक वर्षं जिल्हा परिषदेच्या आणि नंतर ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. धागा वाचून राहवलं नाही.

माणदेशी, बाळा, तुला इंग्रजी येत नाही असं नाही, तुझ्याकडे इंग्रजीत बोलायला विषय नाहीत. पाठ्यपुस्तकातला ‘माय फेवरिट लीडर’ बोलायला गेलास की वाक्य तुटणारच, कारण ते तुझं नाही. तुझ्या रोजच्या कामाचं इंग्रजीत बोल. मला सांग, तुम्ही सॅपर लोक पूल कसा बांधता?

माणदेशी_सॅपर
बाई, बेली ब्रिज. एक पॅनल १० फूट लांब, वजन साधारण २६० किलो, सहा जण मिळून उचलतात. ‘उठाओ’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम. एकाने उशीर केला तर पलीकडच्याच्या हातावर भार येतो. मग पिना मारायच्या, आणि तयार सांगाडा रोलर्सवरून पुढे ढकलायचा.

इंग्रजीच्या_बाई
बघ! हेच आज रात्री इंग्रजीत सांग, मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करून. तीन मिनिटं. चुकलं तरी थांबायचं नाही, मागे जाऊन वाक्य दुरुस्त करायचं नाही. उद्या तेच पुन्हा सांग, अर्धी चूक आपोआप गेलेली असेल. परवा सांग की एका माणसाने उशीर केला तर काय होतं. मग सांग की तू पार्टीचा प्रमुख असतास तर माणसं कशी लावली असतीस. तुझ्या एसएसबीत ते लेक्चरेट असतं म्हणे, तीन मिनिटं विचार करायला, तीन मिनिटं बोलायला. त्याची तयारी हीच. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाच आणि पेपर मिटून दोन वाक्यांत सांग. व्याकरणाचं पुस्तक रविवारपुरतं ठेव.

वर्दीवाला_नाशिक
बाईंच्या प्रतिसादाला +१. मी एससीओमधून कमिशन घेतलं, अजून सेवेत आहे, म्हणून थोडक्यात.

क्लासबद्दल विचारलंयस. मी सुट्टीत एका क्लासला गेलो होतो. तिथे टीएटीच्या (चित्र पाहून गोष्ट लिहायची चाचणी) तयार गोष्टी पाठ करून घेत. चित्रात माणूस दिसला की तो कमांडो, शेजारी बाई दिसली की ती डॉक्टर, शेवटी मेडल. आमच्या वर्गातली सगळी मुलं तीच गोष्ट नावं बदलून लिहायची. टीएटीत चित्र अर्धा मिनिट दिसतं आणि लिहायला चार मिनिटं मिळतात. शेवटी कोरी पाटी येते, त्यावर गोष्ट आपल्या मनाची. वर्ड असोसिएशनमध्ये (शब्द पाहून मनात येईल ते वाक्य लिहायचं) ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. एवढ्या घाईत पाठ केलेलं टिकत नाही, दहाव्या शब्दापासून तुम्हीच कागदावर उतरता. मानसशास्त्रज्ञांनी अशा हजारो वह्या वाचलेल्या असतात.

आपल्या लोकांचा दुसरा घोळ म्हणजे प्रत्येक चित्रात अतिरेकी. शेतात उभा माणूस दाखवला तरी जवान लिहितो की झाडामागे घुसखोर लपला होता. अरे, तू माणदेशातला. शेत दिसलं तर पाणी आठवू दे, बंधारा आठवू दे. गावाने श्रमदान केलं, नायकाने लोकांना जमवलं, पहिला पाऊस अडला. तुझ्या भागात हे घडलेलं आहे, तू पाहिलेलं आहेस, ते खरं उतरेल.

क्लास लावायचाच तर गटात बोलायचा सराव मिळतो का एवढं बघ.

कारवारी
इथे रामा राघोबा राणे यांचं नाव कसं आलं नाही? आमच्या कारवारजवळच्या चेंडियाचे. जुलै १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, हवालदार झाले, पुढे जमादार (आजचा नायब सुभेदार). १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळालं आणि चारच महिन्यांच्या आत, ८ एप्रिल १९४८ ला, नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांची तुकडी सुरुंग काढत होती. पहिल्याच दिवशी शत्रूच्या माऱ्यात दोन सॅपर गेले, पाच जखमी झाले, त्यात राणे स्वतः. तरी हटले नाहीत. एका टप्प्यावर ते चक्क रणगाड्याच्या पोटाखाली शिरून सरपटत पुढे गेले, दोरीच्या खुणेने वरच्या चालकाला चाल-थांब सांगत. रणगाडे चिंगसपर्यंत पोहोचले. परमवीर चक्र त्यांना हयातीत मिळालं.

चार महिन्यांचा अधिकारी हे करू शकला कारण त्याच्यामागे सात वर्षांचा सॅपर उभा होता. माणदेशी, तू त्यांच्याच पलटणीच्या घराण्यातला आहेस!

टेकडीपलीकडे
कारवारी, अंगावर काटा आला. इतिहास निघालाच आहे तर सांगतो. १९३२ मध्ये आयएमएची पहिली तुकडी आत आली ती ४० जणांची. त्यातले १५ खुल्या स्पर्धेतून, १५ सैन्यातल्या जवानांमधून आणि १० संस्थानांच्या फौजांमधून. म्हणजे भारतात अधिकारी घडू लागले त्या पहिल्या दिवसापासून जवान तिथे आहे, कुणी मेहेरबानी म्हणून मागून आत घेतलेला नाही. एसीसीचं मूळ त्याआधीचं, १९२९ च्या नौगावच्या किचनर कॉलेजात. १९६० मध्ये ती एसीसी झाली, मधली काही वर्षं आपल्या पुण्यात होती आणि १९७७ मध्ये डेहराडूनला गेली. पुण्यातल्या जुन्या लोकांना अजून आठवते.

स्वप्नाली_क
माझे यजमान एसीसीतून अधिकारी झाले, म्हणून घरच्या बाजूने लिहिते. ही बाजू कोणी विचारत नाही.

दादा, लग्न झालेलं असलं तरी एसीसीला जाता येतं, पण कुटुंब सोबत ठेवता येत नाही. निवड झाली तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले आणि आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, ‘म्हणजे आता क्वार्टर मिळेल ना?’ त्यांना वाटलं साहेब झाला. चार वर्षं लागतील हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही असं करू नका. आत्ताच, परीक्षेच्या आधी, वहिनींना बसवून पूर्ण हिशेब सांगा. किती वर्षं, सुट्टी कधी मिळेल, घरखर्च कसा चालेल, मूल कधी. त्यांचं शिक्षण अर्धवट असेल तर ही चार वर्षं त्यांच्याही कामी येतील. मी याच काळात डी.एड. पूर्ण केलं.

फोनवर यजमान नेहमी ‘सगळं ठीक’ म्हणायचे. एकदा चिडून म्हटलं, ठीक काय ते सांगा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांना धावण्याचा त्रास नव्हता, इकॉनॉमिक्सच्या पेपरची भीती वाटत होती. मग मी पुस्तक आणून इकडे वाचायचे आणि रविवारी फोनवर आम्ही दोघं प्रश्नोत्तरं करायचो.

पासिंग आउटनंतर स्टार लावायला सासूबाई आणि मी उभ्या होतो. सासूबाईंना ती पिन काही लागेना, यजमान गुडघ्यात वाकून उभे. ते सगळं इथे लिहायला जमणार नाही.

माणदेशी_सॅपर
ताई, आज रात्रीच फोन करतो. हे खरंच डोक्यात नव्हतं.

नवा_लेफ्टनंट
ताजा अनुभव म्हणून लिहितोय. अकॅडमीत निभावेल का, हा तुझा प्रश्न.

एसीसीची तीन वर्षं म्हणजे कॉलेज आणि सैन्य एकत्र. सकाळी पीटी-ड्रिल, मग वर्ग, असाइनमेंट, परीक्षा. आमच्यातल्या बहुतेकांना पळण्यापेक्षा बाकावर बसणं जड गेलं. आयएमएत आलो की एनडीएची मुलं सोबत, विशी-एकविशीतली, इंग्रजी फाडफाड. सुरुवातीला आपण कोपरा धरतो. तसं करू नकोस. हत्यार खोलणं-जोडणं, फील्डक्राफ्ट, रात्रीची चाल, हे तुला झोपेत येतं. ती मुलं शिकायला येतात, त्यांना शिकव, आणि प्रेझेंटेशन कसं करायचं हे त्यांच्याकडून शिक. माझा सर्वांत जवळचा मित्र असाच मिळाला, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान.

उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक लोकांचं थोडं अवघड असतं. ते हवालदार, सुभेदार, आणि तू कालपर्यंत त्यांच्याच मेसमध्ये जेवलेला. ते तुला ‘श्रीमान’ म्हणतील आणि त्याच दमात फ्रंट रोल लावतील. दोन्ही मनापासून घे.

शरीराची काळजी मात्र आत्तापासून. पाठीवर वजन घेऊन धावणं एकदम वाढवू नकोस. तिशीजवळच्या कॅडेटची नडगी दुखायला लागली आणि त्याने लपवली की स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. प्रशिक्षण बुडालं की रेलिगेशन, म्हणजे पूर्ण एक टर्म मागे. दुखलं तर सांग. आणि पोहायला शिक. दुष्काळी भागातली आपली मुलं तिथे हमखास अडकतात. आत्ता युनिटजवळ तलाव असेल तर सोडू नकोस, पाणी पिऊन पिऊन शिक, पण शिक.

माणदेशी_सॅपर
सर्वांचे मनापासून आभार. पोहणं सुरू केलं. कंपनी कमांडर साहेबांची मुलाखत झाली, संध्याकाळचा तास मिळाला. एसआरटीचा (प्रसंग दिला की काय कराल ते लिहायचं) सराव करतोय, ३० मिनिटांत ६० प्रसंग. दोन उत्तरं टाकतो, तपासाल का?

प्रसंग १: तो रात्री रेल्वेने जात असताना शेजारच्या डब्यातून धूर येताना दिसला. माझं उत्तर: टीटीईला कळवून त्यांच्या आदेशाप्रमाणे मदत करेन.
प्रसंग २: जंगलातून जाताना तीन दरोडेखोरांनी त्याला घेरलं. माझं उत्तर: तिघांनाही लोळवून पोलिसांच्या ताब्यात देईन.

टेकडीपलीकडे
पहिल्यात तू आदेशाची वाट पाहत उभा आहेस आणि डब्यात माणसं आहेत. त्याच्या जागी माणदेशातला तू खरोखर असतास तर काय केलं असतंस? साखळी ओढली असतीस, ओरडून लोकांना उलट्या बाजूला काढलं असतंस, म्हाताऱ्या-पोरांना आधी, आणि एकाला गार्डकडे पिटाळलं असतंस. तेवढंच लिही: ‘साखळी ओढली, प्रवाशांना बाहेर काढलं, एकाला गार्डकडे पाठवलं.’

दुसरं उत्तर कुणाला पटेल? तुला तरी पटतं का? ऐवज देऊन जीव वाचवणं, चेहरे आणि दिशा लक्षात ठेवणं, जवळच्या ठाण्यात जाणं, यात कमीपणा कसला. तू सॅपर आहेस. सुरुंग दिसला की त्यावर उडी मारत नाहीस.

पहिलं फार मवाळ, दुसरं फार शूर, आणि दोन्हींत तू नाहीस. रोज वीस लिही, प्रत्येकाखाली स्वतःला विचार की हे मी खरंच केलं असतं का. आठवड्याने पुन्हा टाक, मी बघतो.

रिटायर्ड_सुभेदार
माणदेशी, एक कारकुनी गोष्ट राहिली, आणि त्यात चांगली चांगली पोरं अडकतात. तुझं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि शीट रोलमध्ये (सेवेच्या नोंदीत) अक्षरन् अक्षर सारखी आहे का? आपल्या बोर्डाच्या कागदांवर आडनाव आधी छापतात. फरक असेल तर आत्ताच अर्ज टाक. पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा आदेश) निघून रेकॉर्ड ऑफिसात नोंद व्हायला वेळ लागतो. परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव करू नकोस.

माणदेशी_सॅपर
साहेब, आत्ताच पेटीतून काढून बघितलं. आडनाव आधी आहेच, शिवाय वडिलांच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ आहे आणि एका ठिकाणी नाही. उद्या रोल कॉलच्या आधी हेडक्लार्क साहेबांना भेटतो.